दहा मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल: सरावानंतरची निगा व सुरक्षित साठवण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापूर, पुणे, मुंबई, ठाणे, पनवेल, नागपूर अशा अनेक ठिकाणी शाळकरी मुले-मुली आता नियमितपणे नेमबाजीचा सराव करतात. अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत नेलेला हा दहा मीटरचा प्रकार ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरो येथे जागतिक सुवर्णपदकापर्यंत पोहोचवला, आणि त्यानंतर घरोघरी लाखांच्या घरातील रायफली आल्या. नेम धरायला प्रशिक्षक शिकवतात. सराव संपल्यानंतर त्या रायफलीचे काय करायचे, हे मात्र बहुतेक पालक एकमेकांना विचारून ठरवतात. पुढील उत्तरे मुख्यतः दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या ४.५ मिलिमीटरच्या स्पर्धात्मक रायफलींना आणि पिस्तुलांना लागू आहेत. स्प्रिंगवर चालणाऱ्या रायफलीचा प्रश्न शेवटाकडे स्वतंत्रपणे घेतला आहे. उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल, तर पुस्तिकेचेच ऐकावे.

सराव संपल्यावर फायरिंग पॉइंट सोडण्यापूर्वी काय करावे?

नळी लक्ष्याच्या दिशेनेच ठेवून बोल्ट किंवा लोडिंग लीव्हर (छर्रा भरण्याची जागा उघडणारी खिटी) उघडावा, नळीत छर्रा नाही हे डोळ्यांनी पाहावे आणि मग सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण म्हणून घालायची दोरी, आत सरकवावा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणे एअर गनचा फ्लॅग नळीच्या संपूर्ण लांबीतून आरपार जाईल इतका लांब असावा लागतो, म्हणजे त्याचे टोक पुढून बाहेर दिसते. ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या छर्रा भरण्याच्या मागच्या टोकाशी, नुसता अडकवलेला आखूड तुकडा या कामाचा नाही, कारण नळीच्या मध्यावर छर्रा अडकून राहिला असेल तर तो त्याला सापडत नाही. आरपार गेलेली दोरी हा नळी मोकळी असल्याचा पुरावा असतो आणि तो दुरूनही दिसतो.

फ्लॅग घातल्यानंतरच रायफल टेबलावरून उचलावी. पेटीत ठेवण्यापूर्वी धातूच्या ज्या ज्या भागांना हात, गाल किंवा जॅकेट लागले असेल ते भाग कोरड्या सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने पुसावेत. याला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि वर्षभराच्या निगराणीतील सर्वांत मोलाची दोन मिनिटे हीच आहेत, असे आमचे मत आहे.

रेंज बंद झाली आणि छर्रा नळीतच राहिला, तर तो सळईने ढकलून काढावा का?

शक्य असेल तर रेंज अधिकाऱ्याची परवानगी घेऊन तो लक्ष्यावर किंवा छर्रे अडवणाऱ्या पेटीत झाडून टाकावा. हाच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. ते शक्य नसेल तर आधी सिलिंडर काढावा आणि मग योग्य मापाच्या, प्लास्टिकचे आवरण असलेल्या सळईने छर्रा ढकलावा. हे काम प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे. छत्रीची तार, विणकामाची सुई किंवा सायकलचा स्पोक नळीत घालू नये. नळीच्या पुढच्या टोकाची कड अत्यंत नाजूक असते आणि तिच्यावर पडलेला बारीकसा ओरखडाही नेम बिघडवायला पुरेसा होतो.

सिलिंडर काढला म्हणजे रायफल निर्धोक झाली असे समजावे का?

असे समजू नये. सिलिंडर पिळून काढताना त्याची झडप आपोआप बंद होते आणि थोडी हवा फुस्स आवाज करत बाहेर पडते. मात्र बऱ्याच मॉडेलमध्ये रेग्युलेटर (हवेचा दाब कमी करून एकसारखा ठेवणारा भाग) आणि दाबकक्षात एखाद-दुसऱ्या शॉटपुरती हवा शिल्लक राहते, त्यामुळे सिलिंडर नसलेल्या रायफलीतूनही छर्रा सुटू शकतो. सिलिंडर काढल्यानंतर नळी सुरक्षित दिशेला धरून, आत छर्रा नाही याची खात्री करून ती उरलेली हवा सोडून द्यावी. नंतर बोल्ट उघडा ठेवून फ्लॅग घालावा.

नळी किती दिवसांनी साफ करावी?

दिवसांवर काही अवलंबून नाही. किती छर्रे झाडले यावर ते ठरते. एअर रायफलमधून छर्रा साधारण सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगाने सुटतो आणि त्यामागे जळणारी दारू नसते, म्हणून नळीत काजळी धरत नाही. शिशाचा पातळ थर, छर्‍यांवरील वंगण आणि हवेतील धूळ एवढेच आत साठते. स्पर्धेचे साठ शॉट आणि त्याआधीचे सरावाचे शॉट धरले तर पाचशे छर्‍यांचा एक डबा पाच-सहा सत्रांत संपतो. डबा संपला की नळी साफ करायची, हा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे आणि बहुतेक नेमबाजांना पुरतो. काही अनुभवी नेमबाज हजार छर्‍यांपर्यंत थांबतात आणि त्यात काही चूक नाही.

रोज साफ करणे मात्र टाळावे. स्वच्छ केलेल्या नळीतून सुटणारे पहिले काही छर्रे थोडे इकडेतिकडे पडतात आणि नळी पुन्हा स्थिरावली की छर्रे एकमेकांजवळ पडून गट जमू लागतो. यामुळेच स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी चकचकीत करून सकाळी थेट फायरिंग लाइनवर उभे राहणे हा उत्साह अंगाशी येतो. साफसफाई दोन-तीन दिवस आधी उरकून त्यानंतर एक सराव सत्र करून घ्यावे.

साफ करण्याची योग्य पद्धत कोणती?

फेल्टच्या म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या छोट्या गुंडाळ्या ४.५ मिलिमीटरच्या मापात मिळतात. त्या वापरण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत गुंडाळ्या ब्रीचमध्ये ठेवून हवेने झाडतात. ही पद्धत जलद आहे, पण एकच गुंडाळी इतकी हलकी असते की तिचा हवेला पुरेसा अडथळा होत नाही. म्हणून एकामागोमाग दोन ठेवाव्या लागतात. शिवाय झाडलेल्या गुंडाळ्याही वेगानेच सुटतात, तेव्हा त्या रेंजवरच, लक्ष्याच्या दिशेने आणि डोळ्यांवर चष्मा लावून झाडाव्यात.

दुसऱ्या पद्धतीत नायलॉनच्या दोरीला किंवा आवरण असलेल्या मऊ तारेला गुंडाळी जोडून ती ब्रीचकडून पुढच्या टोकाकडे ओढून घेतात. आम्ही हीच पद्धत सुचवू, कारण तीत घाण ब्रीचमध्ये परत येत नाही आणि घरी करतानाही काही उडत नाही. आधी कोरडी गुंडाळी ओढावी, मग स्वच्छकाचा एकच थेंब टाकलेली, आणि त्यानंतर बाहेर येणारी गुंडाळी जवळजवळ पांढरी दिसेपर्यंत कोरड्या गुंडाळ्या ओढाव्यात. नळीत ओल राहता कामा नये. पितळी किंवा पोलादी ब्रश एअर गनच्या नळीत घालू नये. तो दारूच्या बंदुकीसाठी असतो आणि इथे त्याला घासण्याजोगे काही नसते.

तेल कोणते वापरावे? शिलाई मशीनचे तेल चालेल का?

रायफलीचे जितके नुकसान तेलाच्या अभावाने होते, त्याहून कितीतरी जास्त ते अतितेलाने होते. शिलाई मशीनचे किंवा सायकलचे तेल, खोबरेल आणि गंज सोडवण्यासाठी मिळणारे फवारे यांपैकी काहीही रायफलीच्या आत जाऊ नये. पृष्ठभागावरच्या काळ्या धातूला गंजरोधक तेलाचा अगदी पातळ हात द्यायला हरकत नाही, पण ते आधी कापडावर घ्यावे आणि मग कापड फिरवावे. रायफलीवर थेट फवारू नये.

दाबाच्या हवेच्या मार्गातील रबरी ओ-रिंग्जना (हवा अडवणाऱ्या गोल कड्यांना) खनिज तेल लावले की त्या फुगू किंवा मऊ पडू शकतात. त्याहून गंभीर बाब अशी की, दोनशे बार दाबाच्या हवेत तेलाची वाफ मिसळली आणि ती हवा एकाएकी दाबली गेली, तर ते मिश्रण पेट घेऊ शकते. सिलिंडरच्या तोंडाशी असलेल्या ओ-रिंगला वर्षातून एक-दोनदा शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा नखाएवढाही नाही असा अंश बोटाने लावावा, आणि तेवढ्यावर थांबावे.

चाप जड वाटू लागला आहे. त्यात तेल सोडले तर हलका होईल का?

चापाच्या यंत्रणेत तेल सोडू नये. तेल धूळ धरते, काही आठवड्यांत त्याचा चिकट लेप तयार होतो आणि चाप आधीपेक्षा अधिक अनियमित चालू लागतो. ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने बाहेरची धूळ काढावी आणि फरक पडला नाही तर तंत्रज्ञाकडे न्यावे. एअर पिस्तुलाचा चाप ओढायला लागणारे वजन किमान ५०० ग्रॅम असणे नियमाने बंधनकारक आहे. ते घरी स्क्रू फिरवून कमी केले, तर स्पर्धेच्या साधन-तपासणीत पिस्तूल नाकारले जाते. रायफलीला अशी किमान मर्यादा नाही, पण म्हणून तिच्या चापाचे सगळे स्क्रू पाहुण्यांसाठी खुले आहेत असे नाही.

इलेक्ट्रॉनिक चाप असलेल्या पिस्तुलाचे आणि रायफलीचे बटण प्रत्येक सत्रानंतर बंद करावे. दोन-तीन आठवडे वापर होणार नसेल तर बॅटरी काढून ठेवावी, कारण बॅटरी फुटून पाझरलेला क्षार सर्किटचे संपर्कबिंदू खाऊन टाकतो. यूएसबीवर चार्ज होणारा ट्रेनिंग सेन्सर रायफलीला लावत असाल, तर तोही काढून ठेवावा आणि महिनोन्‌महिने पूर्ण रिकामा राहू देऊ नये.

सिलिंडर भरलेला ठेवावा की रिकामा?

रोजच्या सरावात यावर फार विचार करण्याची गरज नाही. सिलिंडर रायफलीवरून काढून बाजूला ठेवावा, म्हणजे रेग्युलेटरवर सततचा दाब राहत नाही. दीर्घ काळासाठी ठेवताना तो पूर्ण भरलेला नको आणि पूर्ण रिकामाही नको. आत थोडा दाब असला की बाहेरची दमट हवा आणि धूळ झडपेतून शिरत नाही. म्हणून बरेच नेमबाज तो निम्म्यावर ठेवतात. तोंडावर धूळ बसू नये म्हणून सोबत आलेली टोपी लावावी. ती टोपी हरवली असेल तर स्वच्छ कापडी पिशवीही चालते.

काल २०० बार भरलेला सिलिंडर आज १९० दाखवतो आहे. गळती आहे का?

बहुधा गळती नाही. दाब तापमानाबरोबर बदलतो. पस्तीस अंश तापलेल्या खोलीत २०० बार दाखवणारा सिलिंडर वीस अंशांच्या वातानुकूलित रेंजवर नेला, तर तो सुमारे १९० बार दाखवेल, कारण निरपेक्ष तापमान जवळपास पाच टक्क्यांनी कमी झालेले असते. भरताना हवा दाबली जाऊन सिलिंडर गरम होतो, त्यामुळे भरल्यानंतर अर्ध्या तासाने काटा थोडा खाली येणे हेही नैसर्गिक आहे. एकाच खोलीत, एकाच वेळी, ओळीने तीन दिवस पाहूनही काटा उतरत राहिला तरच गळतीचा संशय घ्यावा. तेव्हाही पहिला आरोपी सिलिंडरच्या तोंडाशी असलेली ओ-रिंग हाच असतो.

सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. ती कशासाठी?

स्पर्धात्मक एअर गनच्या सिलिंडरचे आयुष्य उत्पादनापासून जास्तीत जास्त दहा वर्षे धरले जाते. सिलिंडर मुदतीत आहे याची जबाबदारी नेमबाजाचीच असते आणि साधन-तपासणीत ते पाहिले जाऊ शकते. हा प्रश्न जुन्या रायफली घेणाऱ्यांनी आधी विचारायला हवा आणि तेच तो सर्वांत शेवटी विचारतात. आठ वर्षांपूर्वीची रायफल स्वस्तात मिळाली, तर तिच्या किमतीत नव्या सिलिंडरचे पैसे मिळवूनच सौदा स्वस्त की महाग ते ठरवावे.

मुदत संपलेला सिलिंडर ‘अजून चांगला दिसतो’ म्हणून भरू नये. धातूचा थकवा वरून दिसत नाही. गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये त्याची दाबचाचणी करून घेणे, त्यावर वेल्डिंग करणे किंवा त्याला वेगळी झडप बसवणे हे जीवघेणे प्रकार आहेत. असा सिलिंडर पूर्ण रिकामा करून विक्रेत्याकडे किंवा अधिकृत तंत्रज्ञाकडे नष्ट करण्यासाठी द्यावा. भरलेल्या अवस्थेत भंगारवाल्याकडे कदापि देऊ नये.

सिलिंडर भरताना कोणती काळजी घ्यावी?

बहुतेक क्लबांत पाणबुड्यांच्या मोठ्या सिलिंडरमधून रायफलीचा सिलिंडर भरतात. मोठ्या सिलिंडरची झडप हळूहळू उघडावी आणि काट्यावर नजर ठेवून, लहान सिलिंडरवर लिहिलेल्या मर्यादेआधीच थांबावे. मोठा सिलिंडर ३०० बारचा असेल आणि लहान २०० बारचा, तर हा क्षणभराचा निष्काळजीपणाही भोवतो. मोठ्या सिलिंडरच्या खांद्यावर चाचणीची तारीख ठोकलेली असते, ती क्लबच्या जबाबदार व्यक्तीने पाहिलेली असावी. भारतात गॅस सिलिंडरसंबंधीचे नियम पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेच्या अखत्यारीत येतात आणि तिचे मुख्यालय नागपूरलाच आहे.

हातपंप वापरणाऱ्यांनी पंपाचा ओलावा शोषणारा फिल्टर वेळेवर बदलावा. जुलै महिन्यात मुंबईत हातपंप मारणे म्हणजे हवेबरोबर पाणीही आत दाबणे होय, आणि ते पाणी रेग्युलेटरपर्यंत पोहोचले की दुरुस्तीचा खर्च अटळ असतो. थोडा वेळ पंप मारून मधे थांबावे, म्हणजे पंप तापत नाही.

रुग्णालयातील किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडरमध्ये भरू नये. ग्रीसच्या सूक्ष्म अंशाशीही दाबाखालील ऑक्सिजनचा स्फोट होऊ शकतो. फक्त कोरडी, स्वच्छ हवा भरावी.

पावसाळ्यात रायफल पेटीत बंद करून ठेवली तरी गंज येतो. असे का होते?

महाराष्ट्रातील नेमबाजाचा खरा प्रतिस्पर्धी जून ते सप्टेंबर या काळात येतो. लोकांचा समज असा असतो की बंद पेटी म्हणजे सुरक्षित पेटी. परंतु पेटीच्या आतला फोम ओलावा शोषून धरतो. पावसात भिजत घरी आल्यावर ओलसर जॅकेटजवळ ठेवलेली पेटी तशीच बंद राहिली, तर फोम हा धातूला चिकटलेला ओला बोळा होतो, आणि फोम जिथे जिथे रायफलीला टेकतो नेमके तिथेच तपकिरी ठिपके उमटतात. कोकणपट्टीत आणि मुंबई-पनवेल भागात खारी हवा त्यात भर घालते.

दुसरे कारण वातानुकूलन हे आहे. गार रेंजमधून रायफल एकदम दमट हवेत आणली की थंड धातूवर दव धरते. अशा वेळी पेटी बंद ठेवूनच घरी आणावी, अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्यावी, आणि धातू खोलीच्या तापमानाला आला की मग उघडून पुसावे. घाईने उघडून लगेच पुन्हा बंद करणे म्हणजे दव आत कोंडणे.

पेटी वाहतुकीसाठी असते, मुक्कामासाठी नसते. पावसाळ्यात घरी आल्यावर रायफल पेटीतून काढून कुलूपबंद कपाटात ठेवावी आणि पेटी पंख्याखाली उघडी वाळत ठेवावी. कपाटात सिलिका जेल ठेवावे. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी दाण्यांचा रंग बदलला की ते ओलाव्याने भरले असे समजावे आणि वाळवून पुन्हा वापरावे. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून ते स्वयंपाकाच्या कढईत किंवा तव्यावर भाजू नयेत. कॅमेऱ्यासाठी मिळणारे आर्द्रता नियंत्रित करणारे कपाट परवडत असेल तर उत्तमच. त्यात सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवावी. फार कोरडे केले तर लाकडी दस्ता आणि मूठ तडकण्याचा धोका असतो. डांबराच्या गोळ्या ओलावा शोषत नाहीत. तांदळाची पुरचुंडीही ठेवू नये. तिचा पीठासारखा भुगा यंत्रणेत जातो आणि किडे येतात ते वेगळेच.

माझ्या हातांना फार घाम येतो. पिस्तुलाची लाकडी मूठ काळी पडली आहे.

घामातील क्षार लाकडात मुरतात आणि मुठीखाली दडलेल्या धातूलाही लागतात. सरावानंतर मूठ कोरड्या कापडाने पुसून हवेवर वाळू द्यावी. महिन्यातून एकदा मूठ उतरवून आतली फ्रेम पाहावी, कारण गंज अनेकदा तिथेच सुरू होतो आणि बाहेरून दिसत नाही. बुरशी आल्यास किंचित ओलसर कापडाने पुसून सावलीत वाळवावे. उन्हात ठेवू नये, लाकूड वाकते आणि मुठीचा कोन बदलतो. मूठ परत लावण्यापूर्वी तिची जागा पेन्सिलने किंवा मोबाइलवर फोटो काढून नोंदवलेली असावी. रायफलीच्या दस्त्याचे आणि गालपट्टीचे स्क्रू सैल झाले असल्यास हीच नोंद उपयोगी पडते.

साइट रायफलीवरच ठेवावी की काढून?

साइट म्हणजे नेम धरण्याचे साधन. पेटीत तिच्यासाठी संरक्षित जागा असेल तर वर ठेवायला हरकत नाही. नसल्यास मागची साइट काढून तिच्या डबीत ठेवावी, मात्र काढण्यापूर्वी तिच्या फिरकीच्या क्लिक्सची स्थिती वहीत लिहावी. आयरिसच्या (साइटचे छिद्र लहान-मोठे करणाऱ्या) पडद्यांमध्ये तेल सोडू नये. काचेचा फिल्टर किंवा भिंग कॅमेऱ्याच्या ब्लोअरने आणि लेन्सच्या कापडाने साफ करावे. दमट जागी ठेवलेल्या काचेवर बुरशीचे जाळे धरते आणि ते पुढे निघत नाही.

उरलेल्या छर्‍यांवर पांढरी पूड आली आहे. ते वापरता येतील का?

ती पूड म्हणजे शिशावर दमट हवेने तयार झालेले क्षार आहेत. असे छर्रे वापरू नयेत. ते नळीत खरखरतात, त्यांचे माप आणि वजन एकसारखे राहत नाही, आणि ही पूड श्वासावाटे किंवा हाताने पोटात जाणे विषारी असते. डब्याचे झाकण घट्ट लावून त्यातही सिलिका जेलची छोटी पुडी ठेवावी.

शिशाबाबत पालकांनी थोडे कठोर व्हावे. छर्रे तोंडात धरणे, सराव करता करता वडापाव किंवा बिस्किटे खाणे, छर्‍यांचे डबे स्वयंपाकघरात ठेवणे हे बंद करावे. सरावानंतर आधी साबणाने हात धुवावेत, मग डबा उघडावा. घरच्या दहा मीटर रेंजवर छर्रे अडवणाऱ्या पेटीजवळचा भुगा कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावा. घरात रांगते मूल असेल तर सरावाचे कपडे वेगळे ठेवणेच शहाणपणाचे आहे, कारण लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही.

घरात रायफल कुठे ठेवावी? परवाना लागतो का?

शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर गनला परवाना लागत नाही. स्पर्धात्मक एअर रायफलची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे ती या मर्यादेच्या बरीच आत आहे. तरीही खरेदीचे बिल आणि क्लबचे ओळखपत्र पेटीत ठेवावे; वाटेत कोणी चौकशी केली तर बोलणे तिथेच संपते.

परवाना लागत नाही म्हणून ती खेळणे होत नाही. साडेसात ज्यूलचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. रायफल कुलूपबंद कपाटात, नळी मोकळी, बोल्ट उघडा आणि फ्लॅग आत अशा अवस्थेत ठेवावी. सिलिंडर आणि छर्रे दुसऱ्या कुलपात ठेवावेत. किल्ली मोठ्यांकडे असावी, नेमबाज स्वतः बारा वर्षांचा असला तरी. दिवाणखान्याच्या भिंतीवर शोभेसाठी टांगणे आणि पाहुण्यांच्या मुलांना हाताळायला देणे टाळावे. ती आडवी किंवा पाठीवर आधार देऊन ठेवावी, नळीच्या टोकावर उभी करू नये. गच्चीवरून कबुतरे किंवा खारी टिपण्यासाठी ती कुणाला उसनी देऊ नये. तो वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग ठरू शकतो, आणि रायफल कोणाच्या नावावर आहे हेच आधी विचारले जाते.

घरी ड्राय सराव केल्याने रायफल खराब होते का?

ड्राय सराव म्हणजे छर्‍याशिवाय चाप ओढण्याचा सराव. स्पर्धात्मक रायफलींमध्ये ड्राय फायरची स्वतंत्र कळ असते. ती वापरून हवा न सोडता चापाचा सराव करता येतो आणि त्याने यंत्रणेला इजा होत नाही. छर्रे मात्र त्या खोलीत नसावेत. ड्राय सरावानंतर कळ पुन्हा मूळ स्थितीत आणून मगच रायफल कपाटात ठेवावी.

प्रवासात काय लक्षात ठेवावे?

सिलिंडर ५० अंशांहून जास्त तापू देऊ नये. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या आतले तापमान याहून बरेच वर जाते, तेव्हा जेवायला थांबताना पेटी सोबत न्यावी किंवा कुणी तरी गाडीपाशी थांबावे. एसटीने किंवा रेल्वेने जाताना पेटीला कुलूप असावे आणि ती नजरेसमोर राहावी. विमानप्रवासात रायफल चेक-इन सामानात, आधी जाहीर करूनच जाते आणि सिलिंडर रिकामा असावा लागतो. काही कंपन्या झडप उघडी दाखवायला सांगतात. तिकीट काढतानाच कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे, काउंटरवरचा वाद कोणालाच जिंकता येत नाही.

दहावीच्या परीक्षेमुळे सहा महिने सराव बंद आहे. रायफल कशी ठेवावी?

नळी साफ करून कोरडी करावी आणि शेवटी गंजरोधक तेलाचा एखादा थेंब असलेली गुंडाळी ओढावी. पुन्हा सुरू करण्यापूर्वी हे तेल कोरड्या गुंडाळ्यांनी काढून टाकायचे आहे, अशी चिठ्ठी पेटीत ठेवावी. सिलिंडर निम्मा भरून वेगळा ठेवावा, बॅटऱ्या काढाव्यात आणि साइट डबीत ठेवावी. महिन्यातून एकदा, अभ्यासाच्या सुट्टीतील पंधरा मिनिटे काढून, रायफल पुसावी आणि सिलिका जेल पाहावे. सहा महिने कपाट उघडलेच नाही तर परीक्षेनंतर सरावाऐवजी गंज काढण्यात आठवडा जातो.

आमची स्प्रिंगची, ओपन साइट रायफल आहे. तिला हेच नियम लागू होतात का?

सुरक्षिततेचे सगळे नियम लागू होतात, देखभालीचे थोडे वेगळे आहेत. स्प्रिंग रायफल छर्‍याशिवाय झाडू नये. समोर हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन थेट आपटतो. याच कारणाने तिच्यात फेल्टच्या गुंडाळ्या झाडून नळी साफ करू नये, ओढूनच करावी. ती ताणलेल्या अवस्थेत ठेवू नये, स्प्रिंग ढिली पडते. नळी मधून वाकवून छर्रा भरायची रायफल असेल तर छर्रा घालेपर्यंत नळी एका हाताने घट्ट धरून ठेवावी, कारण ती झटकन मिटली तर बोटे सापडतात. पिस्टनचे सील चामड्याचे असल्यास त्याला अधूनमधून पुस्तिकेत सांगितलेल्या तेलाचे एक-दोन थेंब लागतात; कृत्रिम सीलला ते नकोत.

तंत्रज्ञाकडे कधी न्यावी?

छर्‍यांचा वेग किंवा गट कारण नसताना बदलला, रेग्युलेटरजवळ सतत फुसफुस ऐकू आली, चाप कधी हलका कधी जड लागला, रायफल उंचावरून पडली किंवा तिच्यात पाणी गेले, तर घरी न उघडता तंत्रज्ञाकडे न्यावी. नियमित सराव करणाऱ्याने दोन वर्षांतून एकदा सीलची तपासणी करून घ्यावी. कुरियरने पाठवत असल्यास सिलिंडर रिकामा करून वेगळा गुंडाळावा, छर्रे सोबत ठेवू नयेत, आणि काय बिघडले आहे, कधीपासून, किती छर्‍यांनंतर, हे कागदावर लिहून पेटीत ठेवावे.